वगळलेले दोन शब्द

वॉल्टर एम. मिलर या अमेरिकन विज्ञानकथाकाराचे नाव कॅथलिक वाचकांच्या मंडळीत निघाले, की ते एकाच पुस्तकापाशी जाऊन थांबते. 'अ कँटिकल फॉर लीबोविट्झ' ही त्यांची कादंबरी १९५९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि १९६१ मध्ये तिला ह्यूगो पुरस्कार मिळाला. अणुयुद्धात होरपळलेल्या जगात, वाळवंटातील एक मठ ज्ञानाचे उरलेसुरले कागद शतकानुशतके जपून ठेवतो, ही तिची कल्पना आम्हा सर्वांना सुखावणारी आहे. विज्ञानाच्या दरबारात ख्रिस्तसभेची बाजू कोणीतरी मांडली, याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. पण त्या अभिमानाच्या भरात मिलर हे 'एका पुस्तकाचे लेखक' ठरून जातात आणि त्यांच्या कथा अंधारात राहतात. आमचे भांडण या गोष्टीशी आहे.

१९५१ ते १९५७ या अवघ्या सात वर्षांत मिलर यांनी चाळीसच्या आसपास कथा लिहिल्या. ज्या कादंबरीचे आपण एवढे गोडवे गातो, तीदेखील मुळात १९५५ ते १९५७ या काळात एका मासिकात आलेल्या तीन दीर्घकथांची पुनर्रचना आहे. म्हणजे कादंबरीकार मिलर हे कथाकार मिलर यांच्याच पोटी जन्मले. असे असता लेकराचे कौतुक करून आईला ओसरीवर बसवण्याचा हा प्रकार कशासाठी?

त्याची दोन कारणे आम्हांला दिसतात. पहिले कारण जुनेच आहे. विज्ञानकथा म्हणजे पोरखेळ, असे मानणारा एक वर्ग आमच्या वाचकांत अजून आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत जयंत नारळीकरांची 'कृष्णविवर' ही कथा आली, ती टोपणनावाने. त्यानंतर मराठी विज्ञानकथेने पुष्कळ वाट चालून झाली, तरी त्या वर्गाचे मत तसूभर हललेले नाही. मिलर यांच्या कथा ज्या मासिकांतून आल्या त्यांची मुखपृष्ठे भडक होती, कागद हलका होता आणि मोबदला शब्दांवर मोजून मिळे. त्यांच्या काही कथा त्या मुखपृष्ठांइतक्याच भडक आहेत, हेही आम्ही नाकारीत नाही. १९५७ मधील 'व्हेंजन्स फॉर निकोलाय' ही सूडकथा आम्हांला आजही वाचवत नाही. परंतु लेखकाची योग्यता त्याच्या पडलेल्या कथांवरून ठरवू लागलो, तर आमच्या मराठीतील किती कथाकार उभे राहतील?

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. आम्ही मिलर यांना 'आपला लेखक' म्हणून वाचतो. कथेत धर्मगुरू किती, संस्कार किती, लॅटिन किती, याची मोजदाद करतो आणि ती भरली की संतोष पावतो. लेखक काय म्हणतो आहे, हे ऐकायचे राहूनच जाते. या वाचनपद्धतीचा सर्वांत मोठा बळी म्हणजे त्यांची 'क्रुसिफिक्सुस एतियाम' ही कथा. तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे.

ही कथा फेब्रुवारी १९५३ मध्ये प्रसिद्ध झाली. काळ २१३४ चा. मानुए नान्ती हा पेरू देशातील तरुण पाच वर्षांच्या करारावर मंगळावर मजुरीला येतो. पैसे साठवावेत, परत जावे आणि जग पाहावे, एवढेच त्याचे स्वप्न. मंगळावरची हवा इतकी विरळ, की मजुरांच्या छातीवर एक यंत्र बसवून नळ्यांवाटे रक्तालाच प्राणवायू पुरवला जातो. अशा स्थितीत फुफ्फुसांनी श्वास घेणे अनावश्यक होते, शिवाय ते वेदनादायकही असते. श्वास घ्यायचा सोडून दिला, की वेदना थांबते. पण मग फुफ्फुसे सुकत जातात आणि ज्याची ती सुकली तो मनुष्य पृथ्वीवर परतून पूर्वीसारखा जगू शकत नाही. मजुरांच्या बोलीत अशा माणसांना एक तुच्छतादर्शक नाव आहे. मानुए रोज जिद्दीने श्वास ओढत राहतो. त्याला ते नाव नको असते.

या मजुरांना आपण नेमके काय बांधतो आहोत, हे कोणी सांगितलेले नसते. अखेरीस एक अधिकारी उलगडा करतो : मंगळाच्या पोटातील द्रव्यांतून हवा मुक्त करण्याची ही योजना आहे आणि त्या हवेत माणसाला उघड्या नाकाने श्वास घेता येईल तो सुमारे आठशे वर्षांनी. जमावात संताप उसळतो, दंगलीची वेळ येते. त्या क्षणी मानुए जमावाला चिथावणाऱ्याला खाली पाडतो. आपण श्वास गमावला, आता घर नाही, जगप्रवास नाही, हे त्याला कळून चुकलेले असते आणि तरीही तो त्या कामाला आपले म्हणतो.

आता ही कथा आमच्याकडे कशी वाचली जाते, ते पाहा. मानुए हा त्यागाचा आदर्श, पुढील पिढ्यांसाठी त्याने दुःख सोसले, आपणही आपापली दुःखे अशीच अर्पण करावीत, असा बोध उपवासकाळातील प्रवचनाला शोभेल अशा सुरात काढला जातो. ऐकायला तो गोड आहे. पण कथेत तो नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पुरावा शीर्षकातच आहे. ज्यांनी लॅटिन मिस्सा ऐकली आहे त्यांना हे दोन शब्द कुठले, हे सांगायला नको. श्रद्धेच्या अंगीकारात ख्रिस्ताच्या क्रूसमरणाचा उल्लेख येतो तिथले ते आहेत. आणि तिथे त्यांना लागूनच आणखी दोन शब्द येतात, ज्यांचा अर्थ 'आमच्यासाठी' असा होतो. मिलर यांनी ते दोन शब्द गाळले. नव्याने धर्मात आलेल्या, लॅटिन उपासनेवर प्रेम करणाऱ्या लेखकाने ते चुकून गाळले असतील, हे आम्हांला पटत नाही. ख्रिस्ताने स्वतःला स्वेच्छेने दिले. मानुएकडून मात्र त्याची फुफ्फुसे घेतली गेली, करारनाम्यावर सही घेऊन आणि कामाचा हेतू लपवून. ज्या घेण्याला देणाऱ्याची जाणती संमती नाही त्याला अर्पण म्हणता येत नाही. शेवटी मानुए संमती देतो, हे खरे. पण ती त्याची स्वतःची, एकट्याची कृती आहे. तिच्या जोरावर कंत्राटदाराला पावती मिळत नाही, तशीच आम्हा वाचकांनाही मिळत नाही. 'हे आमच्यासाठी झाले' असे म्हणण्याचा अधिकार लेखकाने आमच्या हातातून काढून घेतला आहे आणि आम्ही मात्र तो खुशाल गृहीत धरून भाविकपणे डोळे पुसतो.

वसईच्या, गोव्याच्या किंवा कोकणाच्या ज्या घरांतून माणसे कराराने जहाजावर अथवा आखातात गेली, त्या घरांना मानुए परका वाटू नये. त्या घरांतील कोणी कथेतील पाच वर्षांचा करार वाचून उसासा टाकला, तर तो त्याग थोर आहे म्हणून टाकलेला नसेल. कराराच्या कागदावर काय लिहिलेले असते आणि काय लिहिलेले नसते, ते त्यांना ठाऊक असते.

काही विज्ञाननिष्ठ मित्र या कथेवर निराळाच आक्षेप घेतात. मिलर यांचा मंगळ आता खोटा ठरला, असे ते म्हणतात. ठरलाच आहे. १९६५ साली मरिनर ४ हे यान मंगळाजवळून गेले आणि तेथील वातावरण पूर्वीच्या अंदाजापेक्षा कितीतरी विरळ असल्याचे कळले. पृथ्वीवरील हवेच्या दाबाचा शंभरावा भागही तिथे नाही. पर्सिव्हरन्स या गाडीवरील एका छोट्या यंत्राने २०२१ ते २०२३ या काळात तेथील कार्बन डायऑक्साइडपासून प्राणवायू काढून दाखवला, त्याची एकूण बेरीज १२२ ग्रॅम भरली. त्या मानाने मिलर यांची आठशे वर्षे फारच आशावादी म्हणायची. पण शास्त्रीय तपशील जुना झाल्याने मानुएचा प्रश्न जुना होत नाही.

मिलर यांना असे लिहिण्याची गरज का भासली? १९२३ मध्ये फ्लोरिडात जन्मलेला हा मनुष्य दुसऱ्या महायुद्धात बाँबफेकी विमानावर होता. इटली आणि बाल्कन प्रदेशावरील पन्नासहून अधिक मोहिमांत त्याने भाग घेतला. त्यांतील एक मोहीम मोंते कासिनोची. संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात स्थापन केलेला तो मठ १५ फेब्रुवारी १९४४ रोजी दोस्तांच्या विमानांनी उद्ध्वस्त केला. आश्रयाला आलेले दोनशेहून अधिक नागरिक त्यात मेले आणि जर्मन सैनिकांना पुढे त्या ढिगाऱ्यांचाच उत्तम आडोसा मिळाला. व्यापक हितासाठी हे आवश्यक आहे, असेच त्या वैमानिकांनाही सांगण्यात आले होते. तीन वर्षांनी, १९४७ मध्ये, मिलर यांनी कॅथलिक धर्म स्वीकारला. 'पुढच्यांच्या भल्यासाठी' हे शब्द अशा माणसाच्या लेखणीतून सहजासहजी उतरणार नाहीत, असे आम्हांला वाटते. उद्याच्या नावाने आज कोणाचे तरी मोल ठरवणारा अधिकारी त्यांच्या कथांतून वारंवार येतो, आणि तो दुष्ट नसतो. तो बहुधा सभ्य, कामसू आणि थकलेला असतो.

'कंडिशनली ह्यूमन' या १९५२ मधील दीर्घकथेत असा अधिकारीच नायक आहे. लोकसंख्येवर कडक निर्बंध असलेल्या काळात, ज्या दांपत्यांना मुलाची परवानगी नाही त्यांच्यासाठी चिंपांझींपासून लहान मुलांसारखे प्राणी घडवून विकले जातात. त्यांतील काही मर्यादेपेक्षा हुशार निघाले, बोलू लागले, की त्यांना शोधून नष्ट करायचे. हे काम टेरी नॉरिस या निरीक्षकाकडे असते आणि त्याच्या घरी नवी नवरी असते. तिला हा धंदा सहन होत नाही. पिओनी नावाचा असा एक जीव त्याच्या हाती येतो. कथेत एक धर्मगुरू आहे. परंतु पिओनीला आत्मा आहे की नाही, याचे तयार उत्तर त्याच्यापाशी नाही. हे निर्दोष जीव आदिपापाच्या सावलीबाहेरचे असतील का, असा प्रश्न कथा वाचकापुढे टाकून देते. आणि मग कथेचा नायक त्या जिवाला वाचवण्यासाठी आपल्या वरिष्ठाचा जीव घेतो.

धर्मगुरूंची मोजदाद करणारे वाचक इथे अडखळतात. कथेत पाद्री आहे म्हणून तिला जवळ घ्यावे, तर नायक खुनी आहे; आणि लेखक त्याला शिक्षा देत नाही, पश्चात्तापही करायला लावत नाही. काहींनी यावरून मिलर यांची नीती कच्ची ठरवली आहे. आम्हांला तसे वाटत नाही. टेरीने केले ते योग्य, असे कथा कुठेही म्हणत नाही. परवान्याच्या कागदावर 'मानव' आणि 'अमानव' असे रकाने पाडणारी व्यवस्था चांगल्या माणसालाही कुठवर घेऊन जाते, ते ती दाखवते आणि वाचकाला अस्वस्थ ठेवून निघून जाते. आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गांत पाठ केलेली उत्तरे पुष्कळ असतात. ही कथा तिथे वाचली गेली, तर तासभर तरी कोणी पाठ केलेले बोलणार नाही.

'डार्क बेनेडिक्शन' (१९५१) ही कथा आम्हांला व्यक्तिशः सर्वांत प्रिय आहे. अवकाशातून आलेल्या जंतूंमुळे एक साथ पसरते. रोग्याची कातडी करडी होते आणि त्याला निरोगी माणसाला स्पर्श करण्याची अनावर ओढ लागते. स्पर्श झाला, की रोग जडला. त्यामुळे रोगी दिसताच त्याला गोळी घालणाऱ्या टोळ्या निर्माण होतात. पॉल नावाचा निरोगी तरुण विली या रोगी मुलीला मरणातून सोडवून गॅल्व्हस्टन बेटावरच्या रुग्णालयात नेतो. तिथे सेवा करणारे धर्मगुरू आणि धर्मभगिनी स्वतः रोगी असतात. त्यांनी शिस्तीने आपली ओढ आवरलेली असते. पुढे कळते, की हा रोग माणसाला मारीत नाही. तो त्याच्या बोटांच्या टोकांना नवी संवेदना देतो. आपल्या वाचकांना इथे कुष्ठरोग्यांची आणि मोलोकाई बेटावरील फादर डेमियन यांची आठवण येणे अटळ आहे. मिलर यांचे वैशिष्ट्य असे, की त्यांनी करुणेची दिशा उलटी केली. इथे रोगीच निरोग्याची काळजी घेतो, त्याला स्पर्श होऊ नये म्हणून स्वतःला आवरतो. झोपलेल्या पॉलला विली एका दुर्बळ क्षणी स्पर्श करते आणि त्या अपराधाने पळून जाते. तिला शोधत निघालेला पॉल शेवटी काय स्वीकारतो, ते वाचकांनी कथेतच वाचावे. इथेही बाहेरून कोणी पॉलसाठी निर्णय घेतलेला नाही. तो त्याचा आहे.

'द डार्फस्टेलर' या कथेला १९५५ मध्ये ह्यूगो पुरस्कार मिळाला, म्हणून तिची थोडीफार चर्चा होते. आम्ही तिच्याबद्दल थोडक्यातच लिहितो. यंत्रचलित बाहुल्यांनी नटांची जागा घेतली आहे. रायन थॉर्नियर हा जुना नट ज्या नाट्यगृहात गाजला तिथेच झाडूवाल्याचे काम करतो. त्याने आपल्या अभिनयाची नोंद यंत्राला विकलेली नाही. त्याच्या जुन्या सहनटीने, मेलाने, विकली आहे आणि ती प्रेक्षागृहात बसून आपलीच बाहुली पाहते. अखेरचा एक प्रयोग करण्यासाठी थॉर्नियर एका पात्राची टेप बिघडवतो आणि बाहुलीच्या पिस्तुलात खरी गोळी ठेवतो. २०२३ मध्ये हॉलिवूडच्या नटांनी ११८ दिवस संप केला, त्यातील एक मागणी आपल्या चेहऱ्याच्या आणि आवाजाच्या संगणकीय प्रतिकृतींविषयीच होती. मिलर यांनी हे सत्तर वर्षांपूर्वी लिहिले. मात्र यंत्राला शिव्या देऊन नटाला हार घालण्याचा सोपा मार्ग त्यांनी टाळला. थॉर्नियरच्या करारीपणात अहंकार किती, हे ते निर्दयपणे दाखवतात.

आता त्या प्रश्नाकडे वळतो, जो आमच्या मंडळीत हलक्या आवाजात विचारला जातो. मिलर यांनी १९५९ नंतर जवळजवळ काहीच प्रसिद्ध केले नाही. ते माणसांपासून तुटले, पुढे ख्रिस्तसभेपासूनही दुरावले, खिन्नतेच्या विकाराने ग्रासले गेले. १९९५ मध्ये पत्नी वारली आणि जानेवारी १९९६ मध्ये त्यांनी स्वतःच्या हाताने आपले जीवन संपवले. त्यांच्याच कादंबरीच्या अखेरच्या भागात एक मठाधिपती, किरणोत्सर्गाने भाजलेल्या आईला आणि तिच्या बाळाला 'सुखाचे मरण' देण्याच्या विरोधात जिवाच्या आकांताने वाद घालतो. म्हणून काही सद्गृहस्थ म्हणतात, की ज्याला स्वतःला ते पाळता आले नाही त्याचे आम्ही काय वाचावे?

या म्हणण्याचा आम्ही तीव्र शब्दांत निषेध करतो. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाने आत्महत्येला गंभीर पाप म्हणतानाच, तीव्र मानसिक विकारामुळे माणसाची जबाबदारी कमी होते असे नमूद केले आहे आणि अशा व्यक्तींच्या तारणाची आशा सोडू नये, त्यांच्यासाठी प्रार्थना करावी, असेही सांगितले आहे. ख्रिस्तसभा जिथे निवाडा देत नाही तिथे आमच्यातील काही वाचक न्यायासनावर चढून बसतात, हे पाहून नवल वाटते. आणि विसंगती तरी कुठे आहे? मानुए नान्तीच्या वेदनेतून परस्पर बोध काढू नका, असे जो लेखक सांगतो, त्याच्या स्वतःच्या वेदनेतूनही कोणी बोध काढू नये, एवढीच आमची मागणी आहे.

१९५४ मध्ये मिलर यांनी एका मरणासन्न माणसाची कथा लिहिली होती. 'मेमेन्तो होमो' या नावाने ती ओळखली जाते. राखेचा बुधवार पाळणाऱ्यांना हेही शब्द ओळखीचे वाटतील आणि हेही वाक्य अर्धेच सोडलेले आहे, हे त्यांच्या ध्यानात येईल. म्हातारा डोनेगल हा निवृत्त अंतराळ-कामगार अंथरुणाला खिळला आहे. अखेरचे यान उडताना त्याला त्याचा आवाज ऐकायचा आहे आणि पायांत आपले जुने बूट घालून मरायचे आहे. शेजारच्या श्रीमंताघरी मेजवानीचा गोंगाट चालू असतो. म्हाताऱ्याची पत्नी मार्था विनंती करते आणि ते संगीत थांबते. बस, कथा एवढीच. तिच्यात एकही शोध नाही, शस्त्र नाही, परग्रहवासी नाही. तरीही मृत्यूच्या खोलीतील कुजबुज, नातेवाइकांची लुटुपुटीची आनंदी मुद्रा, धर्मगुरूचे येणे, म्हाताऱ्याचा खट्याळपणा हे सारे तिच्यात इतके खरे आहे, की ज्याने घरात कोणाला रुग्णाभ्यंग दिलेला पाहिला असेल त्याला मध्येच पुस्तक मिटावेसे वाटेल.

या कथा मराठीत याव्यात, असे आम्हांला मनापासून वाटते आणि हे काम आमच्यातील तरुण लेखकांनी अंगावर घ्यावे. सुरुवात डोनेगलच्या कथेने करावी. ज्यांना विज्ञानकथेचे वावडे आहे, तेही ती वाचतील. 'डार्क बेनेडिक्शन' दीर्घ आहे, तिला दोन अंक लागतील. 'क्रुसिफिक्सुस एतियाम'चे शीर्षक मात्र अवघड आहे. लॅटिन तसेच ठेवले, तर नव्या पिढीला ते कळणार नाही. मराठी केले, तर मिस्सेची सवय असलेला भाषांतरकार नकळत वाक्य पुरे करील आणि 'आमच्यासाठी' हा शब्द जोडून मोकळा होईल. त्याने तो मोह आवरावा. 'एतियाम'चा अर्थ 'सुद्धा' असा आहे. तेव्हा 'तोसुद्धा क्रूसावर' एवढेच शीर्षक द्यावे, आणि खाली खुलासा छापू नये.